चांदी ७१ टक्के, की ५० ते ९२ टक्के?

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. अक्षरवाचनात चूक होऊ शकते, हे आपण इतिहासप्रेमी सहज मान्य करतो. तराजूवर मात्र आपली श्रद्धा अढळ असते.

मंदिर उभारणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात गधैया नाणी चालत: चांदीत तांबे मिसळलेली, साधारण ४ ग्रॅमची. असे नाणे न झिजवता, न कापता चांदी किती हे कळावे म्हणून आर्किमिडीजची युक्ती वापरतात. उल्हासनगर-बदलापूरच्या मित्रांनो, दोऱ्याला नाणे बांधून हा प्रयोग आपणही करू शकता. (बुडबुडे मात्र झटकून टाका, ते हमखास फसवतात.)

समजा, नाणे हवेत ४.०० ग्रॅम भरले आणि पाण्यात ३.६०. फरक ०.४०, म्हणून घनता १०. चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, हिशेब केला की चांदी ७१ टक्के. पुढचा लेख तयार: ‘राज्याची आर्थिक घसरण’!

आता तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच खरा, असे धरा. ४ ग्रॅममध्ये ही चूक पाव टक्काच. पण आपण दोन वजनांची वजाबाकी केली आहे. वजाबाकीत संख्या लहान होते, चूक लहान होत नाही. दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की ती ०.०१४ होते, म्हणजे ०.४० च्या साडेतीन टक्के. हवेतले वजन अंशात आणि छेदात दोन्हीकडे येते, हे ध्यानात घेऊन घनता निघते १० ± ०.३४. त्यातून चांदी ५० टक्केही असू शकते आणि ९२ टक्केही. एवढ्या अंतरात घसरणही बसते, भरभराटही.

०.००१ ग्रॅमचा तराजू घेतला, तर अंतर ६९ ते ७३ टक्क्यांवर येते. तेही मिश्रणात केवळ चांदी आणि तांबेच असेल तर. शिशाची घनता ११.३४, ते असल्यास सगळे गणितच बिघडते.

म्हणून माझा आग्रह: नाण्याची टक्केवारी देणाऱ्याने दोन्ही मूळ वजने आणि तराजूची अचूकताही द्यावी. शिलालेखाचा शक पुन्हा वाचता आला, कारण दगड जागेवर होता. एकदा खासगी संग्रहात गेलेले नाणे पुन्हा तोलायला मिळेलच असे नाही.