फोटो आहे, मग आवाज कुठाय?

माझी धाकटी बहीण सुरतेजवळ चलथाणला राहते. मेव्हणे साखर कारखानदारीतले. आधी आपल्याच भागातल्या एका कारखान्यात होते, मग तिकडे गेले. चलथाण हे उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे स्टेशन. सुरतेच्या परिसरात खानदेशी मंडळी भरपूर, त्यामुळे घरात मराठी आणि गल्लीत गुजराती. आपल्याकडे मराठी-कन्नडचे असते तसेच. सातवीतला भाचा एका वाक्यात दोन्ही भाषा सहज मिसळतो, आणि बहीण चिडली की तिसरी, म्हणजे आपली कन्नड, बाहेर पडते.

दिवाळीच्या सुट्टीत गेले होते तेव्हा त्याला म्हटले, "अरे, इथून वीसेक किलोमीटरवर कठोर नावाचे गाव आहे. भास्करबुवा बखले तिथले." नाव कठोर आणि जन्मले कोण, तर ज्यांना पुढे लोक 'देवगंधर्व' म्हणाले! जन्म १७ ऑक्टोबर १८६९, गाव तेव्हा बडोदे संस्थानात. भाच्याने लगेच मोबाईल काढला. "मावशी, कुठलं गाणं लावू?"

आता काय सांगणार? बुवांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. त्याला ते पटेना. "फोटो आहे ना? मग आवाज कुठाय?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. बुवा आठ वर्षांचे असताना, १८७७ साली, अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ केला. नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा, कर्ण्यात बोलायचे, सुई त्यावर चरे पाडायची आणि सुई पुन्हा त्या चऱ्यांवरून फिरवली की बोलणे परत ऐकू यायचे. दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडी आणली. तिचा फायदा असा की एका साच्यावरून पुष्कळ प्रती काढता येत. बुवांचे बहुतेक आयुष्य या यंत्राच्या वाढत्या वयाबरोबरच गेले.

त्याच काळात बुवा काय करत होते? लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत. ('रामराज्यवियोग' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे, हे मी वर्गात दरवर्षी सांगते.) त्या नाटकात कैकेयीची भूमिका करणाऱ्या या मुलाचा गळा ऐकून इंदूरला बीनकार बंदे अली खाँ खूश झाले. मग वयात येताना आवाज फुटला, आणि खरी तालीम सुरू झाली : बडोद्याला फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, पुढे अल्लादिया खाँ. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच बुवा आपल्या धारवाडला ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवत होते. कन्नड मुलखात मराठी माणूस हिंदुस्तानी गाणे शिकवतो आहे, यात त्या वेळी कोणाला काही वावगे वाटले नाही. असो.

तबकडीवर गाणे घेणे हिंदुस्थानात सुरू झाले ते १९०२ च्या नोव्हेंबरात. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि गौहर जानचे गाणे त्याने घेतले. गाणे संपताना ती इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगते. साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथल्या कारागिरांना तबकडी कोणाची ते कळावे म्हणून. सगळा कारभार विजेशिवाय. गायकाने कर्ण्यात तोंड खुपसून जोरात गायचे, आणि तीनेक मिनिटांत आटपायचे. तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. एक ख्याल तास-तासभर उलगडणाऱ्या माणसाला हे म्हणजे पोस्टकार्डावर कादंबरी लिहायला सांगण्यासारखे. शिवाय आपली विद्या तबकडीतून कोणीही उचलेल, ही भीती अनेक उस्तादांना होतीच. तरी अब्दुल करीम खाँसाहेब १९०५ च्या सुमारास त्या कर्ण्यापुढे बसले. पण आज आपण त्यांचे जे ऐकतो ते बहुतेक १९३० नंतरच्या दशकातले, विजेच्या मायक्रोफोनवरचे. तो मायक्रोफोन आला १९२५ साली. बुवा गेले ८ एप्रिल १९२२ ला. तीन वर्षांनी चुकामूक झाली.

आपल्याकडे अशा वेळी एक ठरलेले सांत्वन असते : "गुरू शिष्यांच्या गळ्यात जिवंत असतो." मला ते अर्धेच पटते. भाच्याला मी आधी बालगंधर्व ऐकवले, मग मास्तर कृष्णराव, मग दिलीपचंद्र वेदी. तिघेही बुवांचे शिष्य. पोरगा म्हणाला, "हे तिघं तर वेगवेगळे गातात." बरोबर आहे. प्रत्येकाने आपल्याला झेपेल तेवढे घेतले. 'स्वयंवर'च्या १९१६ च्या चाली बुवांच्याच; बालगंधर्वांच्या तोंडी त्या ऐकताना एखादी जागा अशी येते की वाटते, ही यांची नव्हे, यांना कोणीतरी दिलेली. पण ती देणारा स्वतः ती कशी घेत असेल, हे कळायला मार्ग नाही. गेले ते गेलेच, असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवायला हरकत नाही.

एका संध्याकाळी कामरेजचा तापीवरचा पूल ओलांडून आम्ही कठोरला जाऊन आलो. गाव पाहिले, चहा घेतला, परतलो. येताना गाडीत मी बहिणीला विचारले, "अव्वाची कॅसेट आठवते?"

अव्वा म्हणजे आमची आजी, आईची आई. जात्यावर बसली की एक ओवी मराठीत, पुढची कन्नडमध्ये. बाबांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तिला समोर बसवून एक बाजू भरून घेतली होती. मी अकरावीत असताना त्याच बाजूवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. कॅसेट कोरी आहे की नाही ते पाहिलेही नाही. बुवांच्या वेळी यंत्र अपुरे होते, आमच्या घरात ते चांगले चालू होते. पुढच्याच वर्षी अव्वा गेली. बहिणीला हे आजवर सांगितले नव्हते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने एक ओवी गुणगुणली. मी म्हटले, "अशी नाही, दुसरी ओळ कन्नडमध्ये होती." ती म्हणाली, "नाही गं, मराठीतच." आमचे भांडण चलथाण येईपर्यंत मिटले नाही. मागच्या सीटवरून भाच्याने दोघींच्या दोन्ही ओव्या मोबाईलवर घेतल्या, आणि खाली नाव काय लिहू, म्हणून विचारले.