टांकींतील पाण्याची वर्दी

गेल्या वैशाखांत आम्ही पुतण्याच्या मोटारींतून भडगांवाहून चाळिसगांवमार्गें कन्नडच्या घाटांत शिरलों. घाट अर्धा चढतों न चढतों तोंच इंजिनांतून वाफेचे लोट निघाले. लहान मुलें बरोबर, ऊन माथ्यावर. पुढें दुरुस्तीस अठ्ठावीस हजार रुपये पडले, तें निराळेंच. परंतु समोरचा उष्णतेचा कांटा शेवटपर्यंत स्वस्थ होता. पुतणसून म्हणाली, “मामंजी, कांटा तर बरोबर दाखवीत होता !”

कांट्याचाहि फारसा दोष नव्हता. त्याचें टोंक पाण्यांत बुडालेलें असेल तरच त्यास पाण्याची उष्णता कळते. नळी फुटून पाणी गेलें कीं तें उघडें पडतें, आणि कांटा कित्येकदां उलट खालीं येतो. म्हणजे इशारा हवा त्याच क्षणीं तो मिळत नाहीं ! सबब उष्णता मोजणें निराळें व पाणी उरलें किती हें पाहणें निराळें.

हें दुसरें काम करणारा सेन्सर दोनशें रुपयांच्या आंत मिळतो. काचेच्या बारीक बंद नळींत लोह-निकलच्या दोन पट्ट्या असतात. टोंकें जवळ, पण अलग. भोंवतीं पाण्यावर तरंगणारी पोकळ डबी, तींत चुंबक. पाणी उतरलें कीं डबी खालीं येते, चुंबकामुळें पट्ट्या एकमेकींस चिकटतात व तांबडा दिवा लागतो. नळी बंद असल्यानें पट्ट्यांस गंज चढत नाहीं. असली किल्ली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत एल्वुड यांनीं १९३६ सालीं तयार केली.

कांहीं हौशी मंडळी पाण्यांत नुसत्या दोन तारा सोडतात. पाणी वीज वाहतें खरें, पण एकाच दिशेच्या प्रवाहानें तारा झिजतात. पेट्रोलच्या टांकीस तर घरीं हातच लावूं नये.

सेन्सर कोठें बसवावा हें मात्र मिस्त्रीस विचारावें. कांहीं गाड्यांतील छोटी टांकी केवळ उतूं गेलेलें पाणी धरते. रेडिएटर कोरडा पडला तरी ती भरलेलीच राहूं शकते.

त्या घाटाच्याच डोंगररांगेच्या पायथ्याशीं पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे; तो इ. स. १२०७ च्या सुमाराचा. आचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका वाचकांस ठाऊक असेलच : घटिकापात्रांत मोतीं पडलें, तळाचें छिद्र बुजलें, पात्र बुडेना आणि मुहूर्त टळून गेला. आमच्या डबीचेंहि तसेंच आहे. विहिरीचें जड पाणी घातलें तर क्षार व गाळ बसून ती वरच अडकते, आणि टांकी रिकामी असतांहि दिवा लागत नाहीं. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट हेंच घालावें.

पुतण्यानें आतां हा सेन्सर बसविला आहे. दर अमावास्येस सकाळीं, इंजिन अगदीं थंड असतां, सूनबाई झांकण काढून काडीनें डबी खालीं दाबून पाहते. दिवा लागला नाहीं तर गाडी अंगणांतून हलत नाहीं.