नऊ फटींची जाळी

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एखाद्या बंद भातगिरणीमागे किंवा भंगारवाल्याच्या कुंपणाआड जुनी जीप उभी दिसली, की तिच्याविषयीचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘मिलिट्रीची आहे, लढाईतली.’ बहुतेक वेळा ती लढाईतली नसते. महिंद्राची असते, साठच्या नाहीतर सत्तरच्या दशकातली, कुठल्यातरी सरकारी खात्याने निर्लेखित करून लिलावात काढलेली. तरीही हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. मुंबईच्या आसपास ते खरे निघण्याची शक्यता ज्या मोजक्या जागी आहे, त्यांतली ही एक.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ, उल्हास नदीलगतच्या माळावर सरकारने लष्कराची छावणी वसवली. येत्या-जात्या पलटणींना उतरवण्याची ही जागा. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसे मावतील असा तिचा आवाका, बराकी दोन हजारांवर. मुंबई बंदर हाताशी, कल्याण जंक्शन दाराशी, तिथून एक मार्ग नाशिककडे आणि दुसरा पुण्याकडे. जागा निवडणाऱ्याने नकाशा नीट पाहिला होता. लढाई संपली, फाळणी झाली, सिंधमधून निघालेली लाखाच्या घरातली माणसे या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते मात्र गेले नाहीत. रिक्षावाला आजही तेच विचारतो.

युद्धासाठी इथे जे काही जमले, त्यातल्या जमिनीचा हिशेब अजून मिटलेला नाही. जवळच्या नेवाळीच्या धावपट्टीसाठी तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या कोणाच्या, हा वाद इतका जिवंत आहे की जून २०१७ मध्ये त्यावरून आंदोलन पेटले, रस्ते अडले, गाड्या जळाल्या. बराकींचेही कागद झाले : निर्वासितांचे पुनर्वसन, वाटप, सनदा, पुढे अनधिकृत मजले आणि ते नियमित करण्याचे कायदे. मूळ बराक आता शोधावी लागते, पण तिच्या जागेची फाईल कुठेतरी आहे. वाहनांची फाईल नाही. जमीन आणि घर यांवर महसूल लागतो, खटले होतात, म्हणून सरकार त्यांचे कागद सांभाळते. ट्रक आणि जीप वजनावर नाहीतर लिलावाच्या बोलीवर गेल्या आणि गेटाबाहेर पडताच सरकारच्या स्मरणातून उतरल्या.

त्या आल्या कुठून, हे मात्र चांगले ठाऊक आहे. जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, फोर्डचीही मुंबईत जुळणी चाले. युद्धात कॅनडाहून खोक्यांतून आलेले लष्करी ट्रक इथे उभे राहिले. आखूड नाक, बोजड टप, पुढच्या वर्षांत तर काच खालून आत कललेली, असे ते कुरूप आणि कामाचे ट्रक. कॅनडाने असे चार लाखांहून अधिक बनवले. त्याच कॅनडाच्या चासीवर टाटांच्या पोलादी पत्र्याची खोळ चढवून हिंदुस्थानात चिलखती गाड्याही झाल्या, साडेचार हजारांच्या वर. सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. उत्तर आफ्रिकेच्या वाळूपासून ब्रह्मदेशाच्या चिखलापर्यंत त्या गेल्या. आणि अमेरिकेची जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ मध्ये मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’ मालावरचा विनोद जुना आहे, पण त्या कॅम्पात खरोखर अमेरिकेत बनलेली वस्तू वापरात होती ती हीच.

१९४६ मध्ये करार होऊन अमेरिकेचा इथे उरलेला युद्धसाठा आपल्या सरकारकडे आला. मग सुरू झाले ‘डिस्पोजल’. जुन्या पिढीच्या तोंडी हा शब्द मराठीच होऊन गेला होता : डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची जीप. ट्रकांची चासी ठेवून त्यावर लाकडी टप बसवून मालगाड्या झाल्या, काही बस झाल्या. जीपला तर गिऱ्हाइकांची वाण नव्हती. स्वतंत्र भारताच्या लष्करालाही त्या हव्या होत्या. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये लंडनहून कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपची मागणी नोंदवली. दोन हजारांपैकी आल्या जेमतेम दीडशे, त्याही कामाच्या नाहीत, आणि देशाला पहिला घोटाळा मिळाला. तो घोटाळा युद्धातल्या वापरलेल्या जीपचा होता, हे आज कोणाच्या लक्षात नसते.

दरम्यान महिंद्रांनी १९४७ मध्ये माझगावला विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि तालुक्याच्या रस्त्यावर धुरळा उडवत येणारी जीप म्हणजे सरकार, असे समीकरण बसले. बीडीओची जीप, मलेरियावाल्यांची जीप, जंगलखात्याची जीप. लिलावात त्या कंत्राटदाराने घेतल्या, वीटभट्टीवाल्याने घेतल्या. गावाच्या आठवणीत या सगळ्या एकाच हिरव्या रंगात मिसळल्या आणि प्रत्येकीला लढाई चिकटली. म्हणून ओळख पटवायची तर माणसांच्या सांगण्यावर थांबता येत नाही. लोखंडाकडे जावे लागते.

सुरुवात समोरून करावी. लढाईतल्या जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नागरी जीपला सात. दिवे लहान आणि जाळीच्या मागे बसवलेले. बिजागरीवर उलटे फिरवले की इंजिनावर उजेड पडावा, अशी सोय. नागरी जीपचे दिवे मोठे, पुढे आलेले. मग मागे जावे. लढाईच्या जीपला मागचा फाळका उघडत नाही, तिथे स्टेपनी लटकते. ड्रायव्हरची गादी उचलावी : पेट्रोलच्या टाकीचे झाकण गादीखाली असेल तर मन जरा उचल खाते, बाहेरच्या पत्र्यावर असेल तर ती नागरी. स्टिअरिंग मूळचे डावीकडेच हवे. आपल्याकडे ते नंतर उजवीकडे नेलेले असते, पण फायरवॉलवर बुजवलेली भोके लांबीच्या थराखाली सापडतात.

पण जाळी बदलता येते, टपही बदलता येतो. पत्र्याने फसवले तरी चासी सहसा फसवत नाही. गाडीखाली आडवे व्हावे, घासलेटात भिजवलेल्या चिंधीने आणि तारेच्या ब्रशाने रेडिएटरखालची आडवी पट्टी साफ करावी. ती गोल नळी असेल तर गाडी विलीजची. उलट्या पन्हळीसारखी चौकोनी असेल तर फोर्डची. फोर्डला आपल्या मालाचा अभिमान इतका की बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ ठोकलेला असे. ऐंशी वर्षांच्या ग्रीस आणि मातीच्या थरातून एका गंजलेल्या बोल्टावर ते तिरपे, वेलांटीदार अक्षर उमटू लागते, तेव्हा मिस्त्रीसुद्धा बिडी विझवून वाकतो. नंबराचीही तऱ्हा निराळी. फोर्डचा नंबर डाव्या चासीच्या वरच्या बाजूला थेट लोखंडात ठोकलेला. विलीजचा नंबर मात्र डाव्या चासीच्या आतल्या अंगाला, बंपरमागे, रिव्हेटने बसवलेल्या चिमुकल्या पट्टीवर. ती पट्टी गेली की गाडी अनाथ.

खरी दुर्मीळ गाडी कोणती, हे इथे ठरते. नऊ फटींची ठोकीव जाळी ही फोर्डची कल्पना, नंतर विलीजनेही ती उचलली. त्याआधीच्या, १९४२ च्या सुरुवातीपर्यंतच्या विलीजना लोखंडी सळ्या-पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. अशा जीप झाल्या पंचवीस हजारांच्या आसपास. त्याच सुमारापर्यंत मागच्या पत्र्यावर डावीकडे कंपनीचे नाव उठवलेले असे, पुढे सरकारने ते बंद करायला लावले. बदलापुरात कोणाला सळ्यांची जाळी आणि मागे नाव अशी जीप दिसली, तर त्याने ती विकत घेण्याआधी दाराला कुलूप लावावे.

आता पुनरुज्जीवनाबद्दल. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, औद्योगिक वसाहतीत लेथवाले, गिअर कापणारे, पत्रा वाकवणारे आहेत. जीपचा कुठलाही भाग इथे बनू शकतो, आणि संकटही तेच आहे. सहा व्होल्टची वायरिंग, २.२ लिटरचे साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, डॅशबोर्डावरच्या माहितीच्या पट्ट्या, सगळे नवे मिळते किंवा करून घेता येते. शेवटी चकाकती हिरवी जीप उभी राहते, बॉनेटवर अमेरिकन पांढरा तारा रंगवला जातो, आणि लग्नाच्या वरातीला ती शोभूनही दिसते. पण इथल्या गाडीच्या अंगावर कधी तो तारा होता की नाही, हे बघायची तसदी घेतली जात नाही. पॉलिश पेपरने बॉनेट हळूहळू, ओले करून घासले तर थर बोलतात : वरचा खासगी मालकाचा रंग, त्याखाली खात्याचा राखाडी, त्याखाली लष्करी हिरवा, आणि कधी कधी त्यावर ब्रशने काढलेले आकडे. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाला पहिल्याच दिवशी ग्राइंडर लावतो. सरकारने न ठेवलेली फाईल त्या थरांत होती.

रणगाड्यांच्या बाबतीत आपण असे वागलो नाही. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे, तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी सन्मानाने उभी आहे. लढाईत रणगाड्यांमागे शिधा, पाणी, टपाल आणि जखमी वाहणाऱ्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात तशी जागा नाही. त्या उरल्यात ज्यांनी वापरल्या त्यांच्या दारात. म्हणूनच त्यांच्यासाठी केलेला कायदा नीट वाचला पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी-चारचाकी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, मुदत दहा वर्षे. रस्त्यावर रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यापुरतीच. इथवर तक्रार नाही. भंगार धोरणाच्या तडाख्यातून जुन्या गाड्या वाचल्या, हे चांगलेच झाले. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, टप किंवा इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. दोन, देशात नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणीपुस्तक हवे.

हा नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संस्थानिकाची रोल्स-रॉइस असावी, जी सत्तर वर्षे कापडाखाली झाकून ठेवली होती. कॅम्पातून निघालेल्या जीपचे आयुष्य तसे गेले नाही. पेट्रोल महागले तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन आले, कुठे प्यूजोचे, कुठे मॅटाडोरचे. सहाऐवजी दहा माणसे बसावीत म्हणून टप लांबवला गेला. ती उरली ती या बदलांमुळेच. मूळ स्वरूपात राहिली असती तर १९७५ च्या सुमारास कटरखाली गेली असती. आणि नोंदणीपुस्तक? लिलावातून लिलावात, बापाकडून मुलाकडे, तोंडी व्यवहारात गेलेल्या गाडीचे पुस्तक कुठून आणायचे? सरकारने स्वतः विकताना ज्या मालाची नोंद सांभाळली नाही, त्याच मालाचा कागद सरकार आता नागरिकाकडे मागते आहे.

यातून वाट निघू शकते. चासीच्या मूळ नंबरावरून आणि घडणीवरून तज्ज्ञाने दिलेली ओळख हा पुरावा धरावा. पन्नास वर्षांपूर्वीच झालेले बदल गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून नोंदवावेत, दोष म्हणून नव्हे. ठाणे जिल्ह्यातल्या चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या नोंदणीच्या वह्या जिथे शिल्लक असतील, तिथे त्या वाळवी लागण्यापूर्वी स्कॅन कराव्यात. कल्याणच्या ‘एमएच-०५’ कार्यालयाला यातले शेवटचे काम उद्या करता येईल. खोटी पट्टी ठोकून बनावट जीप पुढे येईल, ही भीती रास्त आहे. पण कागदावर भर दिला की बनावट कागद येतात, आणि चासीवरचा ठोकीव नंबर आणि शेकडो बोल्टांवरची अक्षरे एकाच वेळी खोटी करणे त्याहून पुष्कळ महाग पडते.

तोवर ज्याला गाडी सापडली त्याने एवढे करावे : ग्राइंडर लावण्याआधी चासी, बोल्ट, रंगाचे थर, मागचा पत्रा यांचे फोटो घ्यावेत, आणि विकणाऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून गाडी कोणाकडून आली ते लिहून घ्यावे. मूळ इंजिन मिळाले तर बसवावे. काढलेले मॅटाडोरचे इंजिन भंगारात घालू नये. त्याच्यावरही नंबर असतो.