शिक्का आणि शील

विद्यापीठाचे बोधचिन्ह, त्याचे रंग आणि त्यावरील अक्षरांचे वळण ही सर्वत्र एकसारखी असावीत, असे कोणी म्हटले की आपल्याकडील विद्वज्जन गालातल्या गालात हसतात. साबणाच्या वडीस वेष्टन लागते. विद्येस ते कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल मोठा उदात्त वाटतो खरा. परंतु तो आळसाने पांघरलेला वैराग्याचा वेष आहे, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

जानेवारी २०२५ मधील प्रकार पुष्कळांच्या स्मरणात असेल. ७ तारखेस मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ झाला. त्या वेळच्या काही पदवी-प्रमाणपत्रांवरील बोधचिन्हात इंग्रजी अक्षरांतील ‘मुंबई’ या नावात ‘बी’च्या आधी एक ‘ए’ अधिक पडल्याचे उघडकीस आले. म्हणजे विद्यापीठाने आपलेच नाव ‘मुमाबई’ असे लिहून दिले! ही मुद्रणातील चूक असल्याचे सांगून विद्यापीठाने प्रमाणपत्रे विनाशुल्क बदलून देण्याचे जाहीर केले, हे योग्यच झाले. परंतु जे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, ज्याने १८६२ साली रानडे आणि भांडारकर यांस पदवी दिली आणि ज्याच्या इंग्रजी नावातील ‘बॉम्बे’ जाऊन १९९६ साली ‘मुंबई’ आले, त्याच्या नावावर असा प्रसंग यावा, ही गोष्ट केवळ छापखान्याच्या माथी मारून सुटण्यासारखी नाही.

अशी चूक नजरेतून का निसटते, याचा थोडा विचार करावा. प्रमाणपत्रावरील मजकूर आपण वाचतो. चिन्ह मात्र कोणी वाचत नाही, ते नुसते ओळखतो. पदवीधराचे नाव दहा डोळे तपासतील. पण चिन्हातील अक्षरे चित्राचा भाग समजून सारेच पुढे जातात. म्हणूनच चिन्हाची मूळ प्रत एकच असली पाहिजे, आणि ज्याला ते हवे असेल त्याने तीच जशीच्या तशी उचलली पाहिजे. ज्याने त्याने आपल्या सोयीने ते नव्याने जुळवावयाचे ठरवले, की चूक शिरण्यास दार उघडे झालेच.

हे दार आज किती ठिकाणी उघडे आहे, हे पाहण्यास फार लांब जावयास नको. अंधेरीहून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरहून मुलुंडपर्यंत महाविद्यालयांचे फलक, पत्रिका आणि माहितीपुस्तके नुसती चाळावीत. एकाच मातृसंस्थेचे चिन्ह कोठे ताणून लांबट झालेले, कोठे दाबून बसके. कोठे एका रंगात, कोठे दुसऱ्या. कोठे तर मूळ प्रतीऐवजी महाजालावरून उतरवून घेतलेले आणि इतके धूसर, की नाव वाचण्यास भिंग लागावे. याने कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते त्या मुलीचे, जिच्या घराण्यात पदवीचा कागद प्रथमच येत आहे आणि जिला तो परक्या देशातील अधिकाऱ्यापुढे ठेवावयाचा आहे. तो अधिकारी तिचे ज्ञान पाहू शकत नाही; तो शिक्का पाहतो. खऱ्या शिक्क्याची दहा रूपे प्रचारात असली, तर खोटा शिक्का करणाऱ्याचे अकरावे रूप सहज खपून जाते. संशय मात्र खऱ्यावरही येतो.

एकरूपतेचा आग्रह म्हणजे व्यापाऱ्यांची नक्कल, हा आक्षेपही टिकणारा नाही. स्वतंत्र भारताने पहिले मानक ठरवले ते कशाचे? यंत्राचे नव्हे, सिमेंटचेही नव्हे, ते राष्ट्रध्वजाचे. १९५१ च्या त्या पहिल्या मानकात कापड, रंग आणि मापे यांचे नियम घातले गेले. त्या ध्वजास व्यापारी वेष्टन म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

आता अक्षरांविषयी. आमच्या विद्यापीठाच्या ब्रीदाचा आरंभ ‘शील’ या शब्दाने होतो. मराठी वळण आणि हिंदी वळण ज्या दोन अक्षरांत ठळकपणे वेगळे पडते, ती नेमकी ‘श’ आणि ‘ल’ हीच होत. मराठीत देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ लिहावा, याविषयी महाराष्ट्र शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली निर्णय काढले आहेत. तरीही संगणकात जो टंक आयता सापडेल त्यात मजकूर बसवून मोकळे होण्याची आमची रीत सुटत नाही. ज्या मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि ज्याच्या सुबक नागरी खिळ्यांची ख्याती देशभर झाली, त्या मुंबईने अक्षरांविषयी इतके बेफिकीर असावे, यास काय म्हणावे?

तज्ज्ञ मिळत नाहीत, ही सबबही चालणार नाही. कालिन्याहून पवई काही परदेशात नाही. तेथील आय. आय. टी.त र. कृ. जोशी यांनी अध्यापन केले आणि संगणकावरील ‘मंगल’ हा नागरी टंक घडवला. २०१० साली स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्ह रेखाटणारे उदयकुमार हेही त्याच संस्थेचे विद्यार्थी. विद्या शेजारी आहे. विचारण्याची इच्छा तेवढी नाही.

यावर उत्साही मंडळी म्हणतील, मग एखाद्या पेढीस मोठी रक्कम देऊन नवेच चिन्ह करून घेऊ. आमचा त्यासही तितकाच विरोध आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ साली असेच एक नवे चिन्ह पुढे आणले. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांनी इतका गदारोळ केला, की थोड्याच आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. जुने चिन्ह सांभाळणे हे नवे काढण्याहून कठीण, आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे होय.

आमचे मागणे साधे आहे. चिन्हाची एक अधिकृत प्रत असावी. तिचे रंग, तिची मापे आणि मराठी वळणाचा टंक ठरवून ती प्रत्येक संलग्न महाविद्यालयास विनासायास मिळावी. आणि छपाईपूर्वी शेवटचा नमुना वाचून त्यावर सही करणारा एक जबाबदार माणूस नेमलेला असावा. यास खर्च थोडा, शिस्त मात्र पुष्कळ लागते. आणि विद्यापीठाने शिकवावयाची ती शिस्तच. नाही तर ज्या संस्थेस स्वतःचे नाव सर्वत्र सारखे व शुद्ध लिहिता येत नाही, तिने विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील शुद्धलेखनाचे गुण कोणत्या तोंडाने कापावेत?