तक्रारीची मोजणी आणि तक्रारीची पारख

गाडीत जीवघेणा दोष आहे असे मालकाला वाटले तर त्याने सरकारकडे दाद मागावी आणि सरकारने ती ऐकावी, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो ऐकण्याच्या पद्धतीचा. एक पक्ष म्हणतो, शेकडो माणसे एकच गोष्ट सांगतात तेव्हा दोष असलाच पाहिजे, आणि तरीही अर्ज फेटाळणारे अधिकारी कंपन्यांना सामील असले पाहिजेत. दुसरा पक्ष म्हणतो, लाखो गाड्यांमागे पाच-पन्नास तक्रारी हे प्रमाण नगण्य आहे. शिवाय मालकाला यंत्रातले काय कळते? स्वतःची चूक तो गाडीवर ढकलतो. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत, कारण दोघांची चूक एकच आहे. दोघेही तक्रारी मोजतात. एकाला त्या पुष्कळ दिसतात, दुसऱ्याला थोड्या. तक्रारीची पारख कोणीच करत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. तिथल्या १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्यावर उभी असलेली व्यवस्था सांगते की, कोणतीही हितसंबंधी व्यक्ती एनएचटीएसए या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेकडे दोषाच्या चौकशीसाठी अर्ज करू शकते. संस्थेने तो १२० दिवसांत मंजूर किंवा नामंजूर करायचा असतो. मंजुरी म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, फक्त चौकशी सुरू होते. नामंजूर केला तर कारणे सरकारी राजपत्रात छापावी लागतात. तांत्रिक छाननीत अधिकाऱ्यांना एकच गोष्ट ठरवायची असते: पूर्ण चौकशीअंती दोषाचा आदेश निघेल अशी वाजवी शक्यता आहे का? ही कसोटी मोजणीची नाही, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावे.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. आपोआप वेग घेणाऱ्या गाड्यांची तक्रार जुनी आहे. १९८० च्या दशकात ऑडी ५००० या गाडीविरुद्ध अमेरिकेत मोठे वादळ उठले. माणसे जखमी झाली होती, मेली होती. दुःख खरे होते आणि तक्रारीही पुष्कळ होत्या. १९८९ मध्ये एनएचटीएसएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक घटनांचे कारण निघाले ते पायाची गल्लत, म्हणजे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे. २०१९ मध्ये टेस्लाच्या सुमारे पाच लाख गाड्यांबद्दल असाच अर्ज आला. अर्जदार कंपनीचे शेअर पडण्यावर डाव लावणारा आहे, असे टेस्लाने जाहीरपणे म्हटले. तेवढ्यावर अर्ज केराच्या टोपलीत टाकता आला असता. तसे झाले नाही. अपघातापूर्वीच्या क्षणांत कोणते पेडल किती दाबले गेले याच्या गाडीतल्या नोंदी अधिकाऱ्यांनी तपासल्या. जानेवारी २०२१ मध्ये अर्ज फेटाळताना त्यांनी लिहिले की, ॲक्सिलरेटर, मोटरनियंत्रण किंवा ब्रेक यांत दोषाचा पुरावा नाही आणि या घटना पेडलच्या गल्लतीतून घडल्या. १२० दिवसांची मुदत इथे पाळली गेली नाही, हा दोष मी झाकत नाही. पण या निर्णयाला मिलीभगत म्हणणे अन्याय आहे. कारणे छापलेली असल्यामुळेच त्यांच्यावर बोट ठेवता येते, आणि २०२३ मध्ये फेरचौकशी मागणारा नवा अर्ज आलाही. ज्या निर्णयाशी वाद घालता येतो, तो निर्णय लपवलेला नसतो.

दुसऱ्या पक्षाचे खंडन अधिक कठोरपणे केले पाहिजे, कारण त्याच्या चुकीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली आहे. २००७ मध्ये एनएचटीएसएमधल्याच एका अधिकाऱ्याने जनरल मोटर्सच्या कोबाल्ट आणि आयन या गाड्यांत एअरबॅग उघडत नसल्याची चौकशी सुचवली. आकडे पाहिले गेले. तशाच इतर गाड्यांच्या तुलनेत प्रमाण वेगळे दिसत नाही, कल दिसत नाही, म्हणून चौकशी झाली नाही. विस्कॉन्सिनमधल्या २००६ च्या एका अपघाताचा अहवाल तोवर तयार होता. किल्ली ‘ॲक्सेसरी’ स्थितीत होती, अशी त्यात नोंद होती. इग्निशन स्विच सैल, त्यामुळे धक्क्याने किल्ली फिरते, इंजिन बंद पडते आणि एअरबॅगची वीज जाते: ही साखळी त्या एका ओळीत दडलेली होती. ती कोणी जुळवली नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि भरपाई निधीने १२४ मृत्यू या स्विचशी जोडलेले मान्य केले. एक अहवाल नीट वाचला असता तर जे कळले असते, ते आकड्यांच्या रकान्यात कधीच दिसणार नव्हते.

‘मालकाला काय कळते’ या म्हणण्याला जीपचे प्रकरण उत्तर देते. सेंटर फॉर ऑटो सेफ्टी या ग्राहकसंस्थेने २००९ मध्ये जुन्या जीप ग्रँड चेरोकीबद्दल अर्ज केला. या गाडीची इंधनटाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे होती, त्यामुळे मागून ठोकर बसली की ती फुटून आग लागण्याचा धोका होता. अर्ज मंजूर झाला आणि चौकशी चालली. जून २०१३ मध्ये एनएचटीएसएने २७ लाख गाड्या परत बोलावण्यास सांगितले. कंपनीने आधी नकार दिला, मग १५.६ लाख गाड्यांवर तडजोड झाली. अशा आगी दुर्मीळ असतात, हा बचाव खरा मानला तरी अपुरा आहे. ठोकरीतून वाचलेला माणूस आगीत जळावा ही गोष्ट सरासरीत विरघळवता येत नाही.

न्यायालयानेही हे ओळखले होते. ट्रकच्या तुटणाऱ्या चाकांच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटले की, दोष ठरायला बहुसंख्य चाके तुटायची गरज नाही. तुटण्याची संख्या अगदीच क्षुल्लक नसावी, आणि ती लक्षणीय आहे का हे परिणामांची तीव्रता धरून ठरवावे.

मग माझा पक्ष काय? अर्जाची पारख तीन प्रश्नांनी व्हावी. पहिला: काय तुटते आणि का? सुटा भाग हातात घेऊन, वॉरंटीच्या नोंदी आणि अपघातग्रस्त गाडी पाहून कार्यकारणाची साखळी मांडता येते का? दुसरा: तुटले तर चालकाला सावरायला वाव मिळतो का? काच खाली न होणे आणि भर वेगात स्टिअरिंग निसटणे यांना एकच मापाची काठी चालणार नाही. प्रमाणाचा प्रश्न तिसरा येतो. तो लागतोच, पण पहिल्या दोहोंच्या मागून.

आणि या तिन्हींवर एक अट: नकाराची कारणे लेखी आणि जाहीर हवीत. मनुष्यबळ तोकडे आहे, प्रत्येक अर्जामागे धावता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. एनएचटीएसएला साधनांचा आणि प्राधान्यांचा विचार करायची मुभा आहेच. पण तेच कारण असेल तर तसे लिहावे. तिथे अर्ज फेटाळण्याच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असा निकाल १९८८ मध्ये लागला आहे. म्हणून छापलेले कारण हाच नागरिकाच्या हातातला शेवटचा पुरावा उरतो.

हे सारे आपल्या दाराशी येऊन थांबते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि केंद्र सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देता येऊ लागला. ही मोठी प्रगती आहे. पण कलमाचा पहिला दरवाजा मोजणीचा आहे: ठरावीक टक्के मालकांनी तक्रार केली पाहिजे. २०२१ च्या नियमांनी ही व्यवस्था सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती ठेवली. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण या दोन्ही अटींना लावून पाहा. त्यातले अमोनियम नायट्रेट उष्णता, दमटपणा आणि काळ यांनी बिघडते. मग फुगवणी यंत्र फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. असा दोष कोकण-गोव्याच्या दमट हवेत आधी, देशावर उशिरा आणि गाडी जुनी झाल्यावरच दिसणार. टक्केवारी भरेपर्यंत थांबायचे तर रत्नागिरीच्या माणसाने नागपूरच्या माणसाची वाट पाहायची का?

उपाय त्याच कलमात आहे. तपासणी संस्थेकडून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने माहिती आली तरी सरकार कारवाई करू शकते, असे ते म्हणते. या ‘अन्य मार्गा’ला रीतसर अर्जाचा दर्जा द्यावा, उत्तराला मुदत घालावी, नकार आला तर कारणे छापावीत. पुण्याच्या एआरएआयसारखी मान्यताप्राप्त चाचणी संस्था आपल्याकडे आहे, तेव्हा कारण शोधण्याची क्षमता नाही असे कोणी म्हणू नये. एका मालकाने तुटलेला भाग आणि चार ओळींची हकीकत पाठवली, तर तो भाग कोणीतरी हातात घेऊन तपासला पाहिजे. त्यासाठी आणखी किती जणांनी तक्रार केली हे आधी विचारण्याची गरज नाही.