डार्कलिंग : अंधारातला शब्द

‘डार्कलिंग’ हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात हमखास खसखस पिकते. मुलांना तो ‘डार्लिंग’चा भाऊबंद वाटतो. हसू ओसरले की कोणीतरी अर्थ सांगते, ‘अंधारणारा’. शेवटच्या ‘इंग’मुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण इथे ‘डार्क’पुढची सगळी अक्षरे मिळून एक जुना प्रत्यय आहे आणि त्याने क्रियाविशेषण बनते. अर्थ होतो, अंधारात.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना हे चटकन पटते. मराठीत आपण ‘अंधारात’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘कत्तलल्लि’. दोन्हीकडे प्रत्यय जोडून एकच शब्द होतो. इंग्रजीला एरवी त्यासाठी तीन शब्द लागतात.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये हा शब्द विदूषकाच्या तोंडी आहे. पण त्याला खरे वजन आले ते मिल्टनमुळे. १६५२ च्या सुमारास मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेले ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या तिसऱ्या सर्गात तो रात्री गाणाऱ्या पक्ष्याची आठवण काढतो, तिथे हा शब्द येतो. लिहिणाराच आंधळा आहे हे कळले की मुले गप्प होतात.

कीट्सने १८१९ मध्ये बुलबुलावरच्या कवितेत हाच शब्द घेतला, पण स्वतःसाठी. आता ऐकणारा अंधारात आहे. त्याचा धाकटा भाऊ टॉम काही महिन्यांपूर्वीच क्षयाने गेला होता. १८६७ मध्ये छापलेल्या ‘डोव्हर बीच’मध्ये अर्नोल्डने तो एका मैदानाला विशेषण म्हणून जोडला. पुढे हार्डीने तो थेट शीर्षकात घेतला. ‘द डार्कलिंग थ्रश’ ही कविता २९ डिसेंबर १९०० रोजी ‘द ग्राफिक’मध्ये वेगळ्या नावाने आली होती. शतक सरताना एक थकलेला, म्हातारा पक्षी तिच्यात गातो.

परीक्षेत कोणी ‘काळा पक्षी’ लिहिले तर एखादा गुण जाईल, त्याचे फारसे दुःख नाही. मात्र पक्षी काळा ठरला की त्याच्या गाण्यातले धैर्य हरवते. अंधार त्याच्या भोवती आहे, आणि तरी तो गातो आहे. तेव्हा घरात मूल या शब्दाशी अडले, तर पालकांनी त्याला आधी ‘कत्तलल्लि’ म्हणायला सांगावे. मग कविता वाचायला द्यावी.