बाळाला पेटी मिळाली, आईनं कुठं झोपायचं?

डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांवर एखादं बाळ दिवस भरायच्या आत किंवा फार कमी वजनाचं जन्मलं की त्याचा रस्ता ठरलेला असतो. आरोग्य केंद्रातून शहापूर, तिथं जमलं नाही तर पुढं उल्हासनगर किंवा ठाणे. गाडीचे पैसे लागत नाहीत, पेटीत जागा मिळते, औषधपाणी फुकट. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे हे झालं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण बाळाच्या मागोमाग जे घर दवाखान्याच्या दारात येऊन बसतं, त्याचं काय?

1800 ग्रॅमच्या आतलं बाळ एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात ठेवतात. तिथं दोन-तीन आठवडे सहज जातात. आणि या योजनेत आईला फुकट जेवण किती दिवस? नॉर्मल डिलिव्हरी असेल तर 3 दिवस, सिझेरियन असेल तर 7. हा हिशोब बाळंतपणाचा आहे, आजारी बाळाचा नाही. म्हणजे जिच्या दुधावर बाळाचं वजन वाढायचं, तिनंच चौथ्या दिवसापासून वडापाववर राहायचं. काही ठिकाणी सिस्टर, डॉक्टर स्वतःहून सोय करतात. त्यांना हात जोडून नमस्कार, पण कुणाच्या चांगुलपणावर योजना चालत नाही.

बाप बिगारीवर नाहीतर वीटभट्टीवर. खाडा झाला की त्या दिवशीची चूल बंद. घरी मोठी पोरं आजीकडं. डोळखांबहून एसटी, मग आसनगावहून लोकल, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. आठ-दहा दिवसांनी घरचेच म्हणतात, "चला, बाळाला घेऊन घरी जाऊ." मग कागदावर लिहिलं जातं की नातेवाईक सल्ला न मानता घेऊन गेले. आणि आपण शिकलेली माणसं म्हणतो, "आदिवासींमध्ये जागृती नाही." अहो, जागृती आहे. खिशात पैसे नाहीत.

आता गंमत बघा. कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत दाखल झालं की आईला तिथंच राहायला जागा, जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. मजुरी बुडाली तर आई थांबणार नाही, हे सरकारला तिथं बरोबर समजलंय. मग सव्वा किलोच्या बाळाच्या आईला हाच न्याय का नाही? ती तर ओली बाळंतीण आहे.

कुणी म्हणेल, आईला आत घेतलं तर संसर्ग होईल. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच देशांत झाला, त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. 1 ते 1.8 किलोच्या ज्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, त्यांच्यात मृत्यू साधारण एक चतुर्थांशानं कमी झाले. संसर्गही कमी झाला, वाढला नाही. हात धुऊन, गाऊन घालून आई-बापांना आत घ्या, बाळाची काळजी घ्यायला शिकवा, असं आपल्या केंद्र सरकारच्याच 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे आई ही 'नातेवाईक' नाही, उपचाराचा भाग आहे. मग उपचाराला जागा आणि अन्न द्यायलाच लागेल ना?

दुसरा प्रश्न पैशाचा. एका आईचं दोन वेळचं जेवण आणि एक खाट याचा खर्च एसएनसीयूच्या एका मशीनपुढं काहीच नाही. रुग्ण कल्याण समितीकडं निधी असतो. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. अडचण इतकीच की हे काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.

म्हणून माझ्या मते मागण्या साध्या ठेवाव्यात:

1. बाळ दाखल आहे तोवर आईला जेवण आणि झोपायला जागा.
2. एनआरसीप्रमाणे बुडीत मजुरी.
3. रोज ठरलेल्या वेळी बाळाची तब्येत आई-बापाला समजेल अशा मराठीत सांगणं.
4. बाळ घरी निघालं त्याच दिवशी गावच्या आशाताईला फोन. आणि बाळ दगावलं तर ते पिशवीत घालून लोकलनं आणायची वेळ कुणावर येऊ नये, गाडी मिळावी.

भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्यातून मुंबईची तहान भागवतात. आमच्या बाळंतिणीला पंधरा दिवस दोन वेळचं जेवण मागणं हे काही फार मोठं मागणं नाही.

येत्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव घ्या आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकारी, प्रकल्प अधिकारी आणि आमदारांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. ठरावाचा मसुदा लागला तर कमेंटमध्ये सांगा, मी लिहून देतो.